मनूच्या धडधडीला नाव मिळालं

"हे पॅनिक डिसऑर्डर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि माझी सोळा वर्षांची मुलगी खुदकन हसली.

मी दचकले. मानसोपचारतज्ज्ञांच्या खोलीत कोणी असं हसतं का? माझ्या नवऱ्यानं, संदीपनं, माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती.

"काय वाटलं ऐकून?" डॉक्टरबाईंनी मनूला विचारलं.

"मला वाटत होतं, मी मरणारे," मनू म्हणाली. "याला नाव आहे म्हणजे हे आणखी कुणाला तरी होत असणार. हो ना?"

"खूप जणांना होतं. आणि बरंही होतं."

मग त्यांनी आम्हाला समजावलं. पॅनिक अटॅक म्हणजे काही धोका नसताना शरीर धोक्याची घंटा वाजवतं. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, हात बधिर होतात, आता संपलं असं वाटतं. असे अटॅक पुन्हा पुन्हा यायला लागले आणि माणूस पुढच्या अटॅकच्या भीतीनं घराबाहेर पडेनासा झाला, की त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. संदीप म्हणाला, "आमच्या बिल्डिंगमधला फायर अलार्म मिरचीच्या फोडणीनंसुद्धा वाजतो. तसं?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगदी तसं. हे मी पुढच्या पेशंटला सांगणार."

तुमच्या घरात असं एखादं मूल असेल, सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि मूल मात्र घाबरून अर्धं झालेलं, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. आम्हाला तेव्हा असं कोणी सांगायला हवं होतं.

मी मुलुंडला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. "घाबरू नका, काही होत नाही," हे मी दिवसभर लोकांना सांगते. अकरावीच्या पावसाळ्यात मनूचा कॉलेजमधून पहिला फोन आला तेव्हा मी तिलाही सवयीनं तेच म्हटलं. पलीकडून नुसता धापा टाकल्याचा आवाज येत होता. प्रॅक्टिकल चालू असताना तिच्या छातीत एकदम धडधडायला लागलं होतं, बोटं वाकडी झाली होती, आणि मैत्रिणींनी तिला लॅबबाहेरच्या बाकावर आडवं केलं होतं.

आम्ही तिला थेट हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथे ईसीजी काढला. छातीवर चकत्या चिकटवून हृदयाचे ठोके कागदावर उतरवतात, तो. नॉर्मल. "ॲसिडिटी असेल," तिथले तरुण डॉक्टर म्हणाले. आम्ही खुशीत घरी आलो.

पुढच्या आठवड्यात लिफ्टमध्ये तेच झालं. मग क्लासमध्ये. मग जेवताना, काहीच कारण नसताना. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी टूडी इको करायला लावला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. थायरॉईड पाहिलं, कारण ती ग्रंथी जास्त काम करायला लागली तरी धडधडतं. हिमोग्लोबिन पाहिलं. सगळं नॉर्मल. एरवी रिपोर्ट चांगला आला की लोक पेढे वाटतात. आमच्याकडे नॉर्मल शब्द ऐकला की मनू रडायची. "म्हणजे कुणाला सापडतच नाहीये," असं म्हणायची.

माझ्या मालवणी सासूबाईंनी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. मनूला इतक्या शिंका आल्या की त्या नादात ती धडधड विसरली. "बघ, गेलां मा?" सासूबाई खूश. संध्याकाळी धडधड परत आली.

शेवटी फॅमिली डॉक्टरच म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. आता मनाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि लवकर दाखवा, उगाच लांबवू नका." ते इतक्या सहज म्हणाले, जणू डोळ्यांच्या डॉक्टरांकडेच पाठवत होते. म्हणूनच आम्ही गेलो. त्यांचा सूर वेगळा असता तर आणखी चार महिने आम्ही ॲसिडिटीचीच औषधं देत बसलो असतो.

डॉक्टरबाई आधी मनूशी एकटीशी बोलल्या. आम्ही बाहेर. वेटिंग रूममध्ये एक मुलगा आईच्या खांद्यावर डोकं टाकून गेम खेळत होता, एक आजोबा पेंगत होते. मी मनात कसलं तरी भयंकर चित्र रंगवून आले होते, आणि इथे बघते तर आमच्या दातांच्या दवाखान्यापेक्षा शांतता. इथे निदान ड्रिलचा आवाज तरी नव्हता.

मग आम्हाला आत बोलावलं, आजाराचं नाव सांगितलं, मनू हसली, ते वर लिहिलंच आहे. पण त्या दिवशी तिथे आणखी एक गोष्ट झाली.

"मनूला तुम्हाला काही सांगायचंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तिचं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. नंतर वाटेल ते बोला."

मनू टेबलाच्या कडेकडे बघत बोलली. क्लासमधल्या एका मैत्रिणीच्या बर्थडेला तिच्या मोठ्या भावांनी बिअर आणली होती. मनूनंही ग्लासभर घेतली. "आणि आई, छाती गप्प झाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा." मग तिनं त्यातल्याच एका मुलाकडून व्होडका मागवायला सुरुवात केली. लेमनच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडी मिसळायची आणि क्लासला जाताना प्यायची. अटॅक येऊ नये म्हणून.

ती बाटली मी रोज तिच्या सॅकमध्ये बघत होते. पाणी पी गं, कोल्ड्रिंक कमी कर, असं सांगत होते.

"हिनं ती मजेसाठी घेतली नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध म्हणून घेतली. फक्त ते औषध चुकीचं आहे. दारू तासभर नसा शांत करते. उतरली की त्याच नसा दुप्पट तडतडतात. मग अटॅक आणखी मोठा येतो, मग आणखी दारू लागते. त्यात या वयात मेंदू अजून घडत असतो, त्याला सवय फार पटकन लागते. पण ही लवकर आली. आणि स्वतः बोलली. हे खूप आहे."

आम्ही रिक्षानं घरी निघालो. मध्येच संदीपनं रिक्षा थांबवली आणि उसाच्या रसाचे तीन ग्लास सांगितले.

"पप्पा, ओरडणार नाही?" मनूनं विचारलं.

"ओरडणारे. आधी रस संपव."

तिनं संपवला. मग त्याला ओरडताच येईना. तो नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत उभा राहिला आणि रसवाल्यानं न मागता अर्धा अर्धा ग्लास परत भरला.

सासूबाईंना सांगायचं की नाही, यावर मी आणि संदीप स्वयंपाकघरात कुजबुजत होतो, तेवढ्यात मनूनं बाहेर जाऊन सांगूनसुद्धा टाकलं. मी धावत बाहेर आले. सासूबाई कॉटवर बसल्या होत्या, मनूचा हात त्यांच्या हातात.

"गिरण बंद पडली तेव्हा तुझो आजो पियाक लागलो," त्या म्हणाल्या. "तो लपवून पी, आणि मी सगळ्यांक सांगी, त्येंका बरां नाय. इतकी वर्सां आम्ही दोघांनी लपवलां. डॉक्टर नाय, काय नाय. तू सांगितलंस, चेडवा. बरां केलंस. आता जेवूक बस."

सासऱ्यांबद्दल हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी लग्न होऊन आले तेव्हा भिंतीवर त्यांचा फोटो होता, आणि आजारपणात गेले एवढंच माहीत होतं. संदीपला माहीत होतं, पण तोही कधी बोलला नव्हता. त्या रात्री आमच्या घरात जेवताना इतक्या गप्पा झाल्या की माझी पोळी ताटात गार पडली.

आता उपचारांबद्दल, कारण लोक तेच जास्त विचारतात.

मनूला एसएसआरआय गटातली गोळी सुरू झाली. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, भीती आणि मूड सांभाळायला मदत करणारं. त्याचा उपयोग ही गोळी नीट करून घेते. ही झोपेची गोळी नाही. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळतं, उलट जास्त अस्वस्थ वाटतं. डॉक्टरबाईंनी ते आधीच बजावलं होतं. "या दिवसांत तिच्याकडे नीट लक्ष ठेवा. कसं वाटतंय, जगायचा कंटाळा आलाय का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्यानं काही बिघडत नाही. गोळी मनानं बंद करायची नाही, आणि तिच्याबरोबर दारूचा थेंबही नाही." मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मनू म्हणाली, "नाही गं आई, कंटाळा फक्त फिजिक्सचा आलाय."

दुसरा उपचार सीबीटीचा, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी. यात भीतीचा विचार कसा येतो ते पकडायचं, आणि शरीराला हळूहळू नव्यानं शिकवायचं. मनूच्या थेरपिस्ट पल्लवी म्हणून होत्या, तिशीतल्या, कानात मोठाल्या रिंगा. त्यांनी पहिलाच गृहपाठ दिला तो ऐकून मी उडालेच. मुद्दाम धडधड आणायची! जिने चढायचे, गोल गोल फिरायचं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. छाती धडधडली तरी माणूस मरत नाही, हे शरीराला पुन्हा पुन्हा दाखवायचं.

"घरच्यांनीही करा बरोबर," पल्लवी म्हणाल्या. "तिला एकटं वाटायला नको."

झालं. रोज संध्याकाळी आमची वरात जिन्यावरून निघायची. पुढे मनू, मागे मी धापा टाकत, त्यामागे ऑफिसच्या पँटमधला संदीप. वॉचमननं सोसायटीच्या ऑफिसात जाऊन लिफ्ट बंद असल्याची तक्रार केली. संदीपनं ऑफिसच्या खुर्चीवर बसून गोल फिरायचा प्रयोग केला आणि उतरल्यावर फ्रिजला मिठी मारून उभा राहिला. "मला आला पॅनिक," तो म्हणाला. "पप्पा, ही नुसती चक्कर आहे, फरक शीक," मनू म्हणाली. ती हसत होती आणि तिची छाती धडधडत होती, दोन्ही एकाच वेळी. तिच्याही ते लक्षात आलं. ती एकदम थांबली, हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "ए, चालू आहे हं. पण चालू दे."

त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या. काही सण नव्हता.

सगळं सरळ चढत गेलं असं नाही. कॉलेजच्या फेस्टिव्हलच्या दुपारी तिचा फोन आला. "आई, मी घेतली. तीन-चार घोट. मग तुला फोन केला. ये ना." मी क्लिनिक सोडून रिक्षा पकडली. रस्ताभर मी जे जे बोलायचं ठरवत होते ते लिहिण्यासारखं नाही. कॉलेजच्या गेटपाशी ती फुटपाथच्या कठड्यावर बसली होती, नाक लाल. तिला बघितल्यावर तोंडून निघालं ते वेगळंच. "फोन केलास, छान केलंस."

डॉक्टरबाईंना मी घाबरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "घसरतात. आधी ती लपवत होती, आता फोन करते. हा केवढा मोठा फरक आहे, बघा."

मग मला वाटायला लागलं, ज्या मुलांना फोन करायला कोणी नाही, त्यांचं काय?

आमच्या सोसायटीत श्रावण लागायच्या आधी गच्चीवर गटारी होते. पुरुषांची पार्टी, मटण, गाणी. पोरं आजूबाजूला असतात, आणि ग्लास इकडून तिकडे जातात. "एक घोट चाखला तर काय होतं," असं म्हणणारा एक काका प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतो. पुढच्या वर्षी गटारीच्या आधी सोसायटीची सभा होती. मला तिथे बोलायचं होतं. पण डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, की ही गोष्ट मनूची आहे, तिला विचारल्याशिवाय कुठे सांगायची नाही. म्हणून विचारलं.

"माझं नाव घे," मनू म्हणाली. "नाहीतर सगळे अंदाज करत बसतील आणि बिचाऱ्या धाराचं नाव घेतील." धारा म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या केतनभाईंची मुलगी, मनूच्याच वयाची.

सभेत गळतीचा विषय झाला, पार्किंगचा झाला. मी उभी राहिले. सेक्रेटरी कर्णिककाका म्हणाले, "वहिनी, हा विषय अजेंड्यावर नाही."

"मग 'इतर विषय' मध्ये घ्या ना, काका."

मी बोलले. मनूचा आजार, ती बाटली, डॉक्टर, सगळं. मनू शेवटच्या रांगेत ताठ बसली होती. माझं बोलून झालं. मग कोणीतरी म्हणालं, "हे तुमच्या घरचं झालं. आमची मुलं तशी नाहीत. उगाच सोसायटीचं नाव खराब."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात केतनभाई उठले. कधी सभेत बोलत नाहीत.

"माझी धारा दोन महिना झाला झोपत नाय," ते म्हणाले. "मी समजतो मोबाईलमुळे. रोज मोबाईल काढून घेतो. आज ऐकून वाटते, विचारला पाहिजे. मी विचारलाच नाय."

धारा मनूच्या शेजारीच बसली होती. तिनं मान खाली घातली आणि मनूनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग बी विंगमधल्या एक बाई बोलल्या, त्यांचा मुलगा खोलीबाहेर येत नाही. मग कर्णिककाकांनी चष्मा काढला, पुसला, आणि त्यांच्या नातवाबद्दल बोलायला लागले. सभा संपता संपेना. चहा दुसऱ्यांदा आला.

"मग मुलांसाठी एखादं व्याख्यान ठेवू," कोणीतरी म्हणालं.

"अंकल, प्लीज, लेक्चर नको," धारा एकदम बोलली. तिचा आवाज बारीक होता, पण पोचला. "आम्हाला क्लबहाऊसची चावी द्या. कुठे बसायला जागाच नाहीये. टेरेसवर गेलं की हाकलतात, गेटवर उभं राहिलं की हाकलतात."

क्लबहाऊसची चावी कर्णिककाका कुणाला देत नाहीत. त्यांनी खिशातून काढली आणि धाराला दिली. "टेबल टेनिसचं नेट फाडू नका," एवढंच म्हणाले.

व्याख्यान झालंच, पण आईबापांसाठी. डॉक्टरबाई एका रविवारी आल्या आणि आमचीच शाळा घेतली. मूल चिडचिडं झालं, झोप-भूक बदलली, मित्र तोडले, अभ्यासातून मन उडालं, की आधी ओरडायचं नाही, बसायचं आणि ऐकायचं. घरात मुलांना 'चाखायला' द्यायचं नाही, पाहुणे असले तरी. कोपऱ्यावरच्या वाईन शॉपमध्ये आम्ही काही जण जाऊन मालकाशी बोललो. भांडण नाही, चहा घेतला त्यांच्याबरोबर. त्यांनाही कॉलेजात जाणारी मुलगी आहे. आता ते लहान चेहरा दिसला की आधार कार्ड मागतात. वॉचमन कुणा मुलाच्या नावानं आलेली बाटली गेटवर ठेवून घेत नाही. आणि सोसायटीतल्या मुलांना एवढं पक्कं माहीत आहे की अडकलात, घाबरलात, दारू घेऊन बसलात, तर आमच्यापैकी कुणाचीही बेल वाजवा, आधी आत घेऊ, जेवायला घालू, प्रश्न सकाळी. धाराची झोपही आता सुधारतेय. तीही पल्लवींकडे जाते.

आणि गटारी? त्या वर्षीपासून मुलांची गटारी वेगळी झाली. दुपारी, क्लबहाऊसमध्ये, कोंबडी-वडे, आणि शाकाहारींसाठी काळ्या वाटाण्याची उसळ. सासूबाई खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. "अरे, पातळ थापू नको, तो पापड न्हय!" केतनभाईंची धारा उसळ ढवळत होती, बी विंगमधला तो खोलीबाहेर न येणारा मुलगा कांदे कापत होता आणि रडून घेत होता. कर्णिककाका नेट सांभाळायला म्हणून आले होते, ते वडे तळायला उभे राहिले.

मनू कढईपाशी होती. मध्येच तिचा चेहरा बदलला. मला लांबून कळलं. मी उठले, पण ती सगळ्यांसमोर, पाणी मागावं तशी सरळ म्हणाली, "मला पॅनिक येतोय. पाच मिनिटं बसते. काका, वड्यांकडे बघा."

"बस, बस," धारा म्हणाली आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. कोणी घोळका केला नाही, कोणी काही विचारलं नाही. कांदेवाल्या मुलानं पंखा त्यांच्याकडे वळवला आणि परत कांद्यांकडे गेला.

मी जागेवरच उभी राहिले. वर्षभरापूर्वी मी धावले असते, छाती चोळली असती, घाबरू नको म्हणत स्वतःच घाबरले असते. त्या डॉक्टरबाईंचे, पल्लवींचे, आमच्या साध्या फॅमिली डॉक्टरांचे आणि क्लबहाऊसमधल्या प्रत्येक मुलाचे किती आभार मानू असं झालं. आजार पुरता गेलेला नाही. गोळी आता हळूहळू कमी होतेय, अटॅक क्वचित येतो. पण तो येतो तेव्हा माझी मुलगी माणसांत असते, आणि माणसांना माहीत असतं.

थोड्या वेळानं मनू उठली, केस बांधले आणि कढईपाशी गेली. झाऱ्यात एक वडा काळाठिक्कर होऊन पडला होता.

"हा कुणी जाळला?"

सगळ्या पोरांनी कर्णिककाकांकडे बोट दाखवलं. सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.